वाचकांचे प्रश्न : जुन्नर, नाणेघाट आणि वाटेवरचे दगड

प्रश्न : पुण्याहून गाडीने एका दिवसात नाणेघाट, शिवनेरी, लेण्याद्री आणि कुकडेश्वर होईल का? सोबत सत्तरीचे आई-वडील आहेत. (एक वाचक, सातारा)

चारही ठिकाणांपर्यंत गाडी पोहोचेल, पण बघून काही होणार नाही. दोन ठिकाणं निवडा, तिसरं वाटेत आलं तर घ्या. पुणे ते नारायणगाव सुमारे पंचाहत्तर किलोमीटर, तिथून जुन्नर पंधरा आणि जुन्नरपासून आपटाळे, चावंड, घाटघर करत नाणेघाट आणखी तीसेक किलोमीटर. आकडे लहान वाटतात, पण चाकणची कोंडी सगळं गणित बिघडवते. पहाटे पाचला निघालात तर चाकण मोकळं मिळतं आणि नऊपर्यंत घाटमाथ्यावर पोहोचता. सातला निघालात तर दुपारच्या उन्हात पोहोचाल.

आधी सगळ्यात लांबचा नाणेघाट घ्या. परतताना पूर गावाजवळचं कुकडेश्वर पाहा. कुकडी नदीचा उगम इथलाच आणि मंदिर शिलाहार राजवंशाच्या काळातलं मानलं जातं. जेवायला जुन्नरला या आणि ऊन उतरलं की शिवनेरी. आई-वडिलांना सातही दरवाजे चढवू नका. पायऱ्या चांगल्या बांधलेल्या आहेत, पण सलग आहेत. शिवाई देवीच्या मंदिरापर्यंत सावकाश जाता येतं. शिवजन्मस्थान आणखी वर, त्यामुळे तिथून पुढे कोण जाणार हे आधीच ठरवा. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, म्हणून ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. शिवनेरी आणि लेण्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर लावू नका, धूर करू नका, आरडाओरडा टाळा. पेट्रोल नारायणगावला किंवा जुन्नरला भरून घ्या. पुढे पंप मिळेल या भरवशावर राहू नका.

प्रश्न : नाणेघाटाच्या लेण्यात गेलो, भिंतीवर काहीच दिसलं नाही. फोटोही सपाट आले. शिलालेख नेमका कुठे आहे? (एक वाचक, नाशिक)

आत गेल्यावर डावी आणि उजवी भिंत पाहायची. सातवाहन राणी नागनिकेचा लेख या दोन भिंतींवर आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, वय दोन हजार वर्षांच्या आसपास. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. आता जेमतेम पायांच्या खुणा उरल्या आहेत. डोक्यांच्या वरच्या बाजूला मात्र नावं आहेत. पहिलं नाव सिमुक सातवाहनाचं, त्यापुढे देवी नायनिका (म्हणजे हीच नागनिका) आणि सिरी सातकनी.

दिसलं नाही याचं कारण उजेड. अक्षरं उथळ आहेत आणि कातळ काळा. समोरून फ्लॅश मारला की खोबणीतली सावली मरते आणि भिंत सपाट दिसते. फ्लॅश बंद करा. एकाने बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून, बाजूने तिरकी धरावी. दुसऱ्याने समोरून फोटो घ्यावा. एकाच जागेचे दोन फोटो काढा : एकदा उजेड बाजूने, एकदा वरून. बाजूच्या उजेडात उभ्या रेघा उठतात, वरच्या उजेडात आडव्या. एकाच फोटोवरून वाचायला गेलात की निम्मं अक्षर गळतं आणि भलतंच वाचलं जातं.

सुरुवात ‘क’ शोधून करा. ब्राह्मीतला क म्हणजे अगदी बेरजेचं चिन्ह. मग अंक पाहा. या लेखात यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) यादी आहे, म्हणून अंकही भरपूर. एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी दोन. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं, शून्य नाही. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलेलं दिसतं. ही जोडाक्षरं बॅटरीच्या उजेडात सापडली की लेण्यातून पाय निघत नाही.

अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ किंवा पाणी लावायचं नाही, कितीही मोह झाला तरी. खडूने आपण आपल्या अंदाजाचं अक्षर रंगवतो आणि पुढच्याला तोच लेख वाटतो. खडूची भुकटी भेगांत बसते, ओल्या कातळाचे पापुद्रे सुटतात. संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण चुकवू नका. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. कल्याण-सोपाऱ्याकडून येणारा माल याच वाटेने जुन्नरला चढायचा. रांजणात कचरा टाकलेला दिसला तर काढून गाडीत ठेवा.

प्रश्न : मुंबईहून येऊन कोकणातून चढलो तर? (एक वाचक, ठाणे)

मुरबाडच्या पुढे, वैशाखरे गावाजवळून वाट सुटते. चढायला अडीच-तीन तास धरा. गाडी खाली राहते, म्हणून त्याच वाटेने उतरावं लागतं. वर गाडी मागवायची तर माळशेजचा मोठा वळसा पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये पायऱ्यांचे दगड शेवाळतात आणि माळशेजला धुकं, दरडी. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

प्रश्न : गावोगावच्या देवळांबाहेर कोरीव दगड उभे दिसतात. ते कसे ओळखायचे? (एक वाचक, कोल्हापूर)

एकावर एक चौकटी असतील तर बहुधा वीरगळ, म्हणजे कामी आलेल्या वीराचा स्मारकदगड. तो खालून वर वाचायचा. खाली लढाई किंवा पडलेला वीर; गायी दिसल्या तर गोधन राखताना तो कामी आला. मध्ये अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर कलश, बाजूंना चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहो. कोपरात दुमडलेला, बांगड्यांनी भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री असेल तर गधेगाळ : दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. शिलाहारांच्या काळातले गधेगाळ बरेच सापडतात.

शेंदूर लावलेला असेल तर खरवडू नका, ती गावाची श्रद्धा आहे. ऑइलपेंट मात्र लावू नये हे गावकऱ्यांना समजावून सांगा, बहुतेक ठिकाणी ऐकतात. दगड पडलेला असेल तर स्वतः उभा करायला जाऊ नका, तडा असेल तिथेच तो मोडतो. शेजारी फूटपट्टी ठेवून चारही बाजूंचे फोटो घ्या, गाव आणि देवळापासूनची दिशा लिहा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. रस्ता रुंद होताना असे दगड भरावात जातात. जागेची नोंद असेल तर निदान विचारता तरी येतं.