'नीट' परीक्षेत नंबर लागला नाही, आता डोळ्यांच्या दवाखान्यात काय करता येईल?

औसा तालुक्यातल्या एका पालकांनी लिहिलंय : "मुलगी बारावी सायन्स, पीसीबी. दोनदा नीट दिली, पण एमबीबीएसला नंबर लागेल असे मार्क नाहीत. गावात डोळ्यांचं शिबिर झालं, तेव्हापासून म्हणते की मला त्या गाडीबरोबर आलेल्या ताईंसारखं काम करायचंय. आम्ही 'डिजिटल हेल्थ आणि एआय'च्या एका ऑनलाइन डिप्लोमाची जाहिरात पाहिली, फी सव्वा लाख. पुढे मशिनच डोळे तपासणार असेल, तर ताईंचं काम राहील का?"

सप्रेम नमस्कार,

तो सव्वा लाख भरू नका. बारावीनंतर थेट असा डिप्लोमा घेतलेल्या मुलीला हॉस्पिटल कुठल्या कामावर घेणार, हे जाहिरात देणाऱ्यांनाच विचारून बघा. रुग्णाला हात लावायची पात्रता त्यातून येत नाही आणि सॉफ्टवेअर लिहिण्याइतकं शिक्षणही होत नाही.

तुमच्या मुलीने जे पाहिलंय ते खरं काम आहे. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. जी. वेंकटस्वामींनी 1976 मध्ये 11 खाटांवर सुरू केलं. गावोगाव शिबिरं घ्यायची, मोतीबिंदूच्या रुग्णांना बसने आणून शस्त्रक्रिया करायची आणि परत सोडायचं, ही त्यांची पद्धत. तरीही 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की शिबिरं होत असलेल्या गावांतही डोळ्यांचा त्रास असलेल्या शंभरांतले जेमतेम सातजण शिबिराला येत होते. बाकीचे का येत नाहीत, हे तुम्हाला गावात राहून ठाऊकच असेल. सोबत यायला कोणी नाही, ऑपरेशनची भीती, घरचं कोण बघणार, आणि 'आता वयच झालं, दिसायचं तेवढं दिसतंय'.

म्हणून त्यांनी छोटी, कायमची दृष्टी केंद्रं काढली. आत गेलं की प्रशिक्षित ताई नाव नोंदवते, चष्म्याचा नंबर काढते, हनुवटी यंत्रावर टेकवायला लावून स्लिट लॅम्पने, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्राने, डोळा बघते, डोळ्याच्या पडद्याचा फोटो घेते. मग मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर व्हिडिओवर रुग्णाशी बोलतात. सुरुवातीला तामिळनाडूतल्या थेनी भागात यासाठी लांब पल्ल्याचं वायफाय लावावं लागलं होतं. या ताया बहुतेक खेड्यातल्याच मुली, बारावीनंतर दोन वर्षं अरविंदमध्येच शिकून तयार झालेल्या. डॉक्टर स्क्रीनवर असतात, पण रुग्णाच्या डोळ्यात थेंब टाकणारी, 'काकू, हलू नका' म्हणणारी आणि फोटो अंधुक आला तर पुन्हा घेणारी तीच.

एआयचंही सांगतो. मधुमेहाने पडदा खराब झालाय का, हे फोटोवरून ओळखणाऱ्या प्रणालीवरचा गूगलच्या संशोधकांचा निबंध 2016 मध्ये आला, त्यात अरविंद आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय सहभागी होते. हे तंत्र चालतं. पण 'पुढे पाठवा' असं मशिनने सांगितल्यावर दिसायला काहीच त्रास नसलेल्या माणसाला मजुरी बुडवून लातूरला जायला कोण राजी करणार? तिथे माणूस लागतोच, आणि तपासणी स्वस्त झाली की असे रुग्ण वाढतात. त्यामुळे काम जाईल या भीतीने हे क्षेत्र सोडू नका.

तिच्यासाठी मला सगळ्यात योग्य वाटतो तो ऑप्टोमेट्रीचा, म्हणजे डोळे आणि दृष्टी तपासण्याचा पदवी अभ्यासक्रम. त्यात शेवटी इंटर्नशिप असते. बारावी सायन्स चालतं. कालावधी आणि प्रवेशाची पद्धत बदलू शकते, तेव्हा माहितीपुस्तिका नीट वाचा. कॉलेज निवडताना इमारत बघू नका. मुलं रोज किती रुग्ण तपासतात, शिबिरांना जातात का, इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात होते, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. विद्यापीठाची मान्यता स्वतः तपासा. ऑप्टोमेट्रीसारख्या आरोग्य-व्यवसायांसाठी 2021 मध्ये केंद्राचा स्वतंत्र कायदा झालाय, त्यामुळे मान्यता नसलेल्या डिप्लोम्याचा पुढे त्रास होईल.

पगार सुरुवातीला डॉक्टरच्या जवळपासही नसतो, हे तिला आत्ताच सांगा. पुढे मात्र वाटा आहेत. ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याचं पद असतं, त्याची जाहिरात निघाली की पात्रता बारकाईने वाचावी. एखादं रुग्णालय आपली शिबिरं आणि केंद्रं चालवायला अनुभवी माणूस शोधतं. पदवीनंतर हॉस्पिटल व्यवस्थापन किंवा सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत दोन्ही आहे. 'डिजिटल हेल्थ' शिकायचं तर त्या टप्प्यावर शिकावं.

तिसऱ्यांदा नीट द्यायची का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण घरात विषय निघतच असेल. तिचं मन शिबिरातल्या कामाकडे असेल, तर आणखी एक वर्ष नीटसाठी घालवू नये, असं मला वाटतं. आधी एक करा : जवळच्या ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासणीचा वार कुठला ते विचारा आणि परवानगी घेऊन तिला दिवसभर तिथे बसू द्या. संध्याकाळी तिच्याशी बोला, आणि प्रवेश अर्ज तिलाच भरू द्या.