कॅम्परचे टायर आणि हवा: वाचकांचे प्रश्न

यावेळी कॅम्पर व्हॅनवाल्यांची पत्रं खूप आली आणि बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून तिथेच येतो, टायर कोणता घेऊ आणि हवा किती ठेवू. म्हणून आज फक्त तेवढंच बघू. साध्या गाडीचा हिशोब इथे चालत नाही कारण कॅम्पर कधी रिकामी नसतेच, पलंग कपाटं फ्रिज पाण्याची टाकी सगळं बाराही महिने टायरवर बसलेलं असतं, गाडी नुसती उभी असली तरी.

प्रश्न: सेकंडहँड व्हॅन घेतली, आधी ती मालवाहू होती, नंतर कोणीतरी कॅम्पर करून घेतली. दाराच्या फ्रेमवरच्या स्टिकरवर हवेचा एक आकडा आहे, टायरवर कमाल लोडसोबत ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय आणि आधीचे मालक म्हणाले पुढे मागे ४५ ठेवा, मस्त चालते. नक्की कोणाचं ऐकू?

दादा, आधीच्या मालकांचा आकडा सोडून द्या, त्यांचं सामान वेगळं होतं आणि तुमचं वेगळं. टायरवरचा ६५ म्हणजे तेवढी भराच असा सल्ला नाहीये, त्या टायरने आपला पूर्ण लोड उचलायचा असेल तर थंड असताना लागणारी ती हवा आहे. स्टिकरचा आकडा कंपनीतून आलेल्या साइजच्या टायरसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी असतो, त्यामुळे साइज तीच असेल तर आधी स्टिकरप्रमाणे हवा भरून घ्या आणि मग पुढचं ठरवा.

पुढचं म्हणजे वजनकाटा. हे टाळू नका, कारण कॅम्पर करताना किती प्लायवूड आणि लोखंड आत गेलं ते त्या स्टिकरला माहीत नाही. प्रवासाला निघतो तशी गाडी भरा, टाकीत डिझेल, पाण्याची टाकी फुल (१ लिटर म्हणजे १ किलो, १०० लिटरची टाकी एका मोठ्या माणसापेक्षा जड होते), माणसं आत बसलेली, आणि मग पुढचा एक्सल (म्हणजे पुढच्या दोन चाकांची जोडी) वेगळा आणि मागचा वेगळा असं वजन करा. नुसतं एकूण वजन घेऊन टायरचं काहीच कळत नाही.

समजा पुढे १४५० किलो आणि मागे १७०० आलं आणि टायर २१५/७० आर १५ सी (२१५ मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, रिम १५ इंची), लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) १०९ आहे. १०९ म्हणजे एका टायरला १०३० किलो, ६५ पीएसआयला. मागे एका टायरवर ८५० येतात पण डावं उजवं कधीच सारखं नसतं, फ्रिज आणि ओटा बहुतेक एकाच बाजूला असतात, म्हणून १० टक्के वर धरा, ९३५. आता ९३५ भागिले १०३० गुणिले ६५, साधारण ५९ पीएसआय. पुढे ७२५ चे १० टक्के धरून ८०० च्या आसपास, म्हणजे ५१ पीएसआय. हा सरळ गुणाकार खऱ्या गरजेपेक्षा किंचित जास्तच हवा सांगतो, त्यामुळे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते. पण तुमचा आकडा स्टिकरपेक्षा खाली आला तर मनानेच हवा कमी करू नका, टायर कंपनीचं लोड आणि प्रेशरचं कोष्टक मिळवा आणि त्यात बघून ठरवा.

आणि एक्सलचं वजन गाडीच्या प्लेटवरच्या (नंबर प्लेट नाही, कंपनीने कमाल वजनं लिहिलेली पट्टी) मर्यादेच्या वर गेलं असेल तर हवा वाढवून काही होत नाही, सामान काढावंच लागतं.

एवढी कटकट का, तर वजन उचलते ती आतली हवा, रबर नाही. हवा कमी असली की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकून वाकून तापते आणि लांबच्या हायवेवर भर वेगात टायर फाटतो, बाहेरून आदल्या दिवशी काहीही दिसलेलं नसतं. मागच्या मालकांचे ४५ या उदाहरणातल्या मागच्या एक्सलला १४ ने कमी पडले असते, आणि गाडी "मस्त" चालली असती कारण मऊ टायर आरामशीरच वाटतो!! उलट जास्त हवा भरली तर टायर मधोमध झिजतो, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते आणि कपाटातली भांडी दिवसभर वाजत राहतात, पण मला दोन्हींत जास्त भीती कमी हवेची वाटते.

प्रश्न: मागच्या रॅकवर दोन ई-बाईक लावल्यापासून स्टिअरिंग हलकं वाटतंय. मागच्या टायरमध्ये थोडी हवा वाढवली, पण फरक नाही. टायरचा दोष असेल का?

टायरचा नाही ताई, जागेचा आहे. रॅक मागच्या चाकांच्या बराच मागे लटकतो आणि गाडी मागच्या एक्सलवर सी-सॉसारखी तोलली जाते. दोन बाईक आणि रॅक मिळून ६० किलो धरा, दोन्ही एक्सलमधलं अंतर साडेतीन मीटर आणि ओझं मागच्या एक्सलपासून पावणेदोन मीटर मागे असेल तर मागच्या एक्सलवर ६० नाही, ९० किलो वाढतात आणि पुढचे ३० उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली म्हणून स्टिअरिंग हलकं, आणि पुढच्या चाकांना ड्राइव्ह असेल तर ओल्या चढावर ती फिरतीलही. मागची हवा वाढवली ते बरोबरच केलं, पण किती ते बाईक लावून पुन्हा वजन केल्यावरच कळेल. जड पेट्या, टूलबॉक्स, पाण्याचे कॅन दोन एक्सलच्या मध्ये, शक्य तितके खाली हलवा.

प्रश्न: माझ्या गाडीला २१५/७५ आर १६ सी आहेत. गाडी उंच व्हावी म्हणून २२५/७५ आर १६ लावायचा विचार आहे. दुकानात एसयूव्हीचे त्याच साइजचे टायर स्वस्तात मिळतायत, चालतील का?

एसयूव्हीचे घेऊ नका, प्लीज. साइज तीच दिसते पण शेवटचा सी नाहीये ना, तोच महत्त्वाचा. सी म्हणजे व्हॅन आणि हलक्या मालवाहू गाड्यांचा टायर. तुमच्या टायरवर ११६/११४ असेल तर एकेका टायरला १२५० किलो (दुसरा आकडा मागे जोडचाकं असणाऱ्यांसाठी, ११४ म्हणजे ११८०). एसयूव्हीच्या टायरवर १०४ लिहिलेलं असलं तर तो ९०० किलोचा, दोन मिळून १८००, आणि भरलेल्या कॅम्परचा मागचा एक्सल त्याच्या वर सहज जातो. लोड इंडेक्स आणि त्याच्या शेजारचं स्पीडचं अक्षर (टायर किती वेगापर्यंत चालतो ते) मूळ टायरपेक्षा खाली कधीच येऊ द्यायचं नाही.

उंचीचं म्हणाल तर हिशोब करून बघा. २१५ चे ७५ टक्के साधारण १६१ मिलिमीटर, वर खाली दोनदा म्हणजे ३२२, अधिक १६ इंची रिमचे ४०६, एकूण ७२९ च्या आसपास. २२५ चं असंच केलं तर ७४४. व्यास १५ मिलिमीटरने वाढला पण गाडी त्याच्या अर्धीच उचलली जाणार, साडेसात! तेवढ्यासाठी स्पीडोमीटर २ टक्के कमी दाखवणार, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी खड्ड्यात दबली की टायर आत कुठे घासतो का ते तपासावं लागणार, रिमची रुंदी चालते का बघायचं आणि गाडीच्या कागदांत, विम्यात ती साइज मंजूर आहे का तेही. शिवाय स्टिकरवरची हवा नव्या साइजला लागू होत नाही. मला विचाराल तर हा खर्च आहे त्याच साइजच्या चांगल्या टायरवर करा.

त्यात सीपी लिहिलेले मिळाले तर जरूर बघा, ते कॅम्परसाठीच बनतात, कायम भरलेली आणि महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी धरून साइडवॉल मजबूत केलेली असते. त्यांना वर सांगितलेला गुणाकार लावू नका, मागच्या एक्सलला ५.५ बार म्हणजे ८० पीएसआयपर्यंत हवा सांगतात, कंपनी सांगेल तीच भरा. आणि एवढ्या हवेला रबराचा साधा व्हॉल्व्ह चालत नाही, तो साधारण ६५ पीएसआयपर्यंतचा असतो, मेटलचे व्हॉल्व्ह बसवून घ्या, टायर बदलतानाच सांगितलं की काम होतं.

प्रश्न: सकाळी ६० भरले, दुपारी गेजवर ६८ दिसतात. जास्तीची हवा सोडू का?

नाही. चालून टायर तापला की हवा वाढतेच, आकडे सगळे थंड टायरचे असतात. गरम असताना सोडली तर सकाळी तीच कमी पडलेली असेल. गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर मोजा, आणि थंड प्रदेशात गेलात तर पुन्हा मोजा, कारण या दाबाला तापमान १० अंश उतरलं की सुमारे अडीच पीएसआय कमी होतात. गेज १०० पर्यंतचा घ्या, छोट्या गाडीचा ५० ला संपतो.

प्रश्न: टायरची नक्षी नव्यासारखी आहे, पण गाडी वर्षातले बरेच महिने उभी असते. बदलायला हवेत का?

काकू, कॅम्परचे टायर गोटा व्हायच्या आधी म्हातारे होतात. साइडवॉलवर डीओटी (DOT) अशी अक्षरं असलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा, ३५१९ असेल तर २०१९ चा ३५ वा आठवडा. कधी कधी ते आतल्या बाजूलाच असतात, टॉर्च घेऊन खाली वाकावं लागतं. ५ वर्षं झाली की दरवर्षी टायरवाल्याकडून आतून बाहेरून तपासून घ्यायचे आणि १० वर्षांनी कितीही छान दिसले तरी बदलायचे, असं मोठ्या टायर कंपन्या सांगतात. साइडवॉलवर बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला तर वयाची वाट बघू नका. गाडी उभी ठेवताना हवा पूर्ण ठेवा, महिन्यातून एकदा थोडी पुढे मागे करा, उन्हाच्या बाजूच्या चाकांना कव्हर घाला. स्टेपनीची तारीख पण बघा, ती बहुतेक वेळा गाडीएवढीच जुनी निघते आणि तिच्यात हवा तर कोणीच बघत नाही.