‘आम्ही आहोत ना’ म्हटल्याने बाबांची दुसरी नोकरी सुटत नाही

पत्र: माझे बाबा ६२ वर्षांचे आहेत. सातपूरच्या एका कंपनीत ३१ वर्षं टर्नर होते, ५८व्या वर्षी निवृत्त झाले. पेन्शन ३,६०० रुपये. फंडाचे ९ लाख बँकेत मुदत ठेवीत आहेत. आता रात्री ८ ते सकाळी ८ एका सोसायटीत एजन्सीमार्फत वॉचमन (१३,००० रुपये) आणि दुपारी २ ते ६ एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर (९,००० रुपये). आईला मधुमेह आहे. दादा कमावतो, तो म्हणतो, “आम्ही पोसत नाही का तुम्हाला?” बाबा काही बोलत नाहीत आणि डबा घेऊन निघून जातात. लोक नावं ठेवतात. मी सासरी आहे. त्यांना कसं थांबवू? हा पैशाचा हव्यास आहे का?

उत्तर:

ताई, हव्यास असता तर तो कुठेतरी दिसला असता. तुमच्या पत्रात नवी गाडी नाही, जमीन नाही, डबा तेवढा आहे. आणि दादाचं ते वाक्य आधी बंद करायला सांगा. ३१ वर्षं घर चालवलेल्या माणसाला ‘पोसतो’ हा शब्द ऐकून घरी बसणं जमत नाही. तो अजून एक ड्युटी धरतो.

पेन्शन एवढीशी का, हे घरात सगळ्यांना कळायला हवं. ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत, पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७० असा हिशेब असतो. खरा पगार कितीही जास्त असो, १ सप्टेंबर २०१४ आधीच्या सेवेसाठी सहसा तो ६,५०० रुपयेच धरतात आणि नंतरच्या सेवेसाठी १५,०००. योजना सुरू झाली नोव्हेंबर १९९५ मध्ये. तिथून २०१४ पर्यंतची जवळपास १९ वर्षं धरली तर साधारण १,७५० रुपये होतात, आणि पुढच्या साडेसात-आठ वर्षांचे १,६००-१,७००. उरलेले थोडे २० वर्षांवरच्या सेवेला मिळणाऱ्या २ वर्षांच्या बोनसचे आणि ९५ पूर्वीच्या सेवेचे. म्हणजे ३,६०० हा आकडा साधारण याच घरातला आहे. आणि यात महागाई भत्ता नाही, आज जे मिळतं तेच दहा वर्षांनीही.

मग एक बरी नोकरी का नाही, दोन का? साठीनंतर पूर्ण पगाराची जागा सहसा कुणी देत नाही. अर्धा दिवस, रात्रपाळी, ‘आज या, उद्या बघू’ अशीच कामं मिळतात. यातली कुठलीही एक उद्या जाऊ शकते, म्हणून माणूस दुसरी हाताशी ठेवतो. शिवाय बऱ्याच घरांत एका पगारावर किराणा आणि औषधं चालतात आणि दुसरा कुणाला न सांगता एका ठरलेल्या खड्ड्यात जातो. तो खड्डा शोधणं हे तुमचं पहिलं काम.

एखाद्या रविवारी, दादा घरात नसताना, बाबांबरोबर बँकेचं पासबुक सहा महिने मागपर्यंत बघा. ‘किती कमावता’ हे विचारू नका. दर महिन्याला ठरावीक तारखेला काय कापलं जातं ते बघा. दादाच्या फ्लॅटच्या कर्जात बाबा सहकर्जदार आहेत का? पतपेढीचा हप्ता आहे का? आईचे दागिने तारण आहेत का? आणि हे वाचायला कडू वाटेल, पण तो हप्ता तुमच्या लग्नाच्या कर्जाचा निघाला तर तिथेच रडू नका, उरलेले हप्ते मोजा.

दोन्हीपैकी आधी सुटायला हवी ती रात्रपाळी. साडेआठला घरी, नऊला झोप, दीडला उठून दोनला लेथवर: चोवीस तासांत सोळा तास काम आणि जेमतेम साडेचार तास झोप, तीही दिवसाची, तुटक. बदली वॉचमन आला नाही की डबल ड्युटी, म्हणजे तीही गेली. अशा डोळ्यांनी लेथच्या फिरत्या चकजवळ (धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, पकडणाऱ्या भागाजवळ) उभं राहणं हा खरा धोका आहे. पेंगलेला माणूस चक घट्ट करायची किल्ली चकमध्येच विसरून मशीन सुरू करतो किंवा फिरत्या जॉबवरचा धातूचा कीस हाताने ओढायला जातो. तीस वर्षांची सवय इथे उपयोगी पडत नाही, कारण सवयीने हात आधी पुढे जातो. आणखी एक गोष्ट: खासगी सुरक्षा एजन्सीच्या २००५च्या कायद्यात गार्डचं वय ६५ च्या आत लागतं. ही नोकरी तशीही तीन वर्षांचीच आहे.

आता आकडे. फंडाचे ९ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला १८,४५० रुपये येतात, म्हणजे महिन्याला ६,१५०. खातं पोस्टात किंवा बँकेत निघतं, मुदत ५ वर्षं, जोडीदार म्हणून आईचं नाव घालता येतं. वर्षाच्या आत बंद केलं तर दिलेलं व्याज परत कापून घेतात, दुसऱ्या वर्षात मुदलातून दीड टक्का जातो, त्यानंतर एक. म्हणून बाबांनी लाखभर रुपये साध्या बचत खात्यात वेगळे ठेवले तर बरं, मग व्याज साधारण ५,४५० धरा. बँकेतली मुदत ठेव मोडताना तिथेही दंड बसेल, तिची तारीख जवळ असेल तर थांबा.

वर्कशॉपच्या मालकाशी बाबांनीच बोलावं: चारऐवजी सहा तास, सकाळी ९ ते ३. त्याच दराने ते १३,५०० होतात. छोट्या वर्कशॉपला नुसता हात नको असतो. सेटिंग करणारा, मायक्रोमीटर लावून माल तपासणारा, नव्या पोरांना टूल घासायला शिकवणारा माणूस हवा असतो. त्या कामाचे पैसे मागितले तर उभं राहणंही कमी होईल. पेन्शन ३,६००, व्याज ५,४५०, पगार १३,५००: एकूण २२,५५०. आजचे पगार आणि पेन्शन मिळून २५,६००. मुदत ठेवीचं व्याज आज घरखर्चात येत नसेल, तर फरक ३,०५० रुपयांचा. तो दादाने भरावा, पण हातात नोटा ठेवून नव्हे. बँकेत कायमची सूचना देऊन दर महिन्याच्या ५ तारखेला आईच्या खात्यात. मागावं लागलं की बाबा पुन्हा ड्युटी धरतील.

मालक सहा तासांना तयार झाला नाही, तर एजन्सीकडून दिवसपाळी मागून लेथ सोडायची. हा दुय्यम पर्याय, कारण बारा तास ते बारा तासच.

राजीनाम्याआधी वॉचमनच्या पगाराची स्लिप बघा. तिच्यात ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) ०.७५ टक्के, म्हणजे १३,००० वर ९८ रुपये कापले जात असतील, तर आईची मधुमेहाची औषधं तिथून मोफत मिळू शकतात आणि कदाचित कुणी घेतच नसेल. आईचं नाव विमाधारकाच्या कुटुंबात नोंदवलंय का ते तपासा. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी नीट भरलेली असेल तर उपचाराचा हक्क पुढच्या जानेवारी ते जूनसाठी राहतो, म्हणून नोकरी सोडायची तारीख ठरवताना हेही बघा. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या वर्कशॉपला सहसा ईएसआय नसतो. सरकारची महात्मा फुले आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येते, महिन्याच्या गोळ्यांना नाही. त्या गोळ्यांचा खर्च वरच्या ३,०५० मध्ये मिळवूनच दादाशी बोला.

स्लिपवर फंड कापलेला दिसला तर तो फंडाच्या पासबुकात जमा होतोय का तेही बघा. ५८ नंतर पेन्शनचा हिस्सा वेगळा कापत नाहीत, सगळी रक्कम फंडातच जायला हवी. आणि हयातीचा दाखला: ईपीएसमध्ये तो दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. दोन नोकऱ्यांच्या धावपळीत तारीख चुकली की पेन्शन थांबते, तेव्हा पासबुकाबरोबर शेवटच्या दाखल्याची तारीखही त्याच रविवारी बघून घ्या.