पिनकोड ४००६०१ ला कशानेच भाग जात नाही, कारण…

ताई, मुलाचं काही चुकलेलं नाही. शाळेच्या प्रकल्पासाठी ठाणे पश्चिमेच्या पिनकोडचे, म्हणजे ४००६०१ चे अवयव पाडायला बसलात, ३७ पर्यंत भागून पाहिलंत आणि दरवेळी बाकी उरली. उरणारच. ही मूळ संख्या आहे.

पण ३७ वर थांबून तसं लिहू नका, बाई पकडतील. वर्गमूळ ६३२ च्या जरा पुढे येतं, म्हणून ६३१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. त्या भरतात ११५. काल रात्री वही घेऊन मी त्या सगळ्या उरकल्या (घरच्यांनी दोनदा दिवा मालवला). ३७३ ने तर बाकी चक्क ३७२ उरते, एकाने हुकलं!

७, ११ आणि १३ मात्र एका फटक्यात निकालात निघतात. तिघांचा गुणाकार १००१. म्हणून शेवटच्या तीन अंकांतून पहिले तीन वजा करायचे: ६०१ − ४०० = २०१. याला तिघांपैकी कोणाचाच भाग जात नाही, मग ४००६०१ लाही नाही. कोपरीचा ४००६०३ घेतलात तर २०३ येतात, म्हणजे ७ × २९. तिथे ७ ने भाग जातो.

खरी गंमत पुढे आहे. ४००६०१ = ३५५² + ५२४². करून बघा: १२६०२५ आणि २७४५७६. ४ ने भागून १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, आणि तीही एकाच प्रकारे. हे फर्माने सतराव्या शतकात सांगितलं, ऑयलरने अठराव्यात सिद्ध केलं. मी वाशीचा. आमचा ४००७०३ सुद्धा मूळ संख्याच, पण ४ ने भागल्यावर ३ उरतात, आणि तिथेच घोडं अडतं. सम संख्येच्या वर्गाला ४ ने भागून ० उरतो, विषमच्या वर्गाला १. दोन वर्गांच्या बेरजेत ३ उरणार कुठून? म्हणजे या एका बाबतीत ठाणेकर जिंकले. नाइलाज आहे.

प्रकल्पात जागा उरली तर गणितज्ञ द. रा. कापरेकरांना आणा. त्यांचं शालेय शिक्षण ठाण्यातच झालं. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची, आणि असं करून जी संख्या कधीच हाती लागत नाही तिला ते स्वयंभू म्हणत. ४००६०१ स्वयंभू नाही: ४००५८२ च्या अंकांची बेरीज १९, ती तिच्यातच मिळवली की ४००६०१. वाशीच्या ४००७०३ लाही अशी जन्मदाती आहे, ४००६७० ते ४००६८० च्या दरम्यान. ती मुलालाच शोधू द्या.