खाते दुप्पट, तरी वाळत चाललेली मांजर

वाचकांचे प्रश्न : घरचे प्राणी

या वेळची पत्रं सोलापुरातल्या वेगवेगळ्या भागांतून आली आहेत, पण दुखणं एकच आहे. म्हातारपणी मांजराची थायरॉईड ग्रंथी जास्त काम करू लागते, ते. म्हणून सगळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमची मनी तेरा वर्षांची आहे. सहा महिन्यांत चार किलोवरून सव्वातीनवर आली. खाते मात्र दुप्पट आणि रात्री जिन्यात उभी राहून ओरडते. डॉक्टरांनी थायरॉईडची शंका घेतली. रक्त माणसांच्या लॅबमध्ये तपासलं, टी-फोर 7.8 आलं आणि रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलंय. मग हे थायरॉईड नाही का? (साखर पेठ)

तो 'नॉर्मल' माणसाचा आहे. टी-फोर म्हणजे थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन. माणसाच्या रक्तात एकूण टी-फोर साधारण 5 ते 12 चालतं, मांजरात 0.8 ते 4.7. लॅबप्रमाणे यात थोडा फरक पडतो, पण 7.8 हे मांजरासाठी स्पष्ट वाढलेलं आहे. रिपोर्टमधला फक्त आकडा घ्या, शेजारी छापलेली मर्यादा सोडून द्या. एककही बघा. हे आकडे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरचे आहेत. नॅनोमोल प्रति लिटरमध्ये दिलं असेल तर 12.87 ने भागायचं. आणि माणसाच्या किटवर केलेला टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) मांजराच्या बाबतीत कामाचा नसतो, त्यावर पैसे घालवू नका.

ही ग्रंथी गळ्यात श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना असते. तिच्यात गाठ वाढते आणि ती हार्मोन ओतत राहते. शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव मांजरांत ही गाठ कर्करोगाची नसते, हे आधी ऐकून घ्या. सुमारे सत्तर टक्के मांजरांत दोन्ही बाजू सुजलेल्या असतात. हार्मोन जास्त झालं की शरीर खाल्लेलं सगळं जाळतं, मग स्नायूही जाळायला लागतं. म्हणून भूक वाढते आणि पाठीचा कणा हाताला लागतो. पाऊण किलो म्हणजे फार नाही असं वाटतं, पण साठ किलोच्या माणसाने सव्वाअकरा किलो गमावण्याइतकं ते आहे. 'खाते ना, मग बरी आहे' या समजुतीमुळेच बहुतेक मांजरं उशिरा दवाखान्यात पोचतात.

गोळी सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं), रक्तातली साखर, रक्तपेशींची पूर्ण मोजणी आणि लघवीची तपासणी करून घ्या. मधुमेहातही मांजर खातं आणि वाळतं. रक्तदाब मोजायची सोय दवाखान्यात असेल तर तोही मोजून घ्या.

प्रश्न : डॉक्टरांनी कार्बिमाझोल लिहून दिली आहे. घरी आईंना थायरॉईडची गोळी चालू आहे, तीच अर्धी करून दिली तर चालेल का? आणि आमचं मांजर गोळी तोंडात धरतच नाही, ओरबाडतं. (विजापूर रोड)

आईंची गोळी अजिबात देऊ नका. घरोघरी सकाळी उपाशीपोटी घेतात ती लेव्होथायरॉक्सिन असते आणि ती कमी पडलेलं हार्मोन भरून काढते. तुमच्या मांजराला ते आधीच जास्त झालंय, कार्बिमाझोल ते रोखते. ओळखायची सोपी खूण सांगतो : लेव्होथायरॉक्सिनच्या पाकिटावर मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, 25, 50, 100 अशी. कार्बिमाझोलवर मिलिग्रॅम असतात.

मेडिकलमध्ये कार्बिमाझोल 5, 10 आणि 20 मिलिग्रॅममध्ये मिळते. डॉक्टर बहुधा 2.5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे 5 ची अर्धी गोळी, इथून सुरुवात करतात आणि रक्त बघून मात्रा बदलतात. 5 ऐवजी 20 चं पाकीट घरी आलं तर तीच 'अर्धी' चौपट होते. दर वेळी पाकीट घेताना आकडा मोठ्याने वाचा. डॉक्टरांनी त्याच कामाची मेथिमाझोल लिहिली असेल तर ती परस्पर कार्बिमाझोलशी बदलू नका. 5 मिलिग्रॅम कार्बिमाझोल ही साधारण 3 मिलिग्रॅम मेथिमाझोलच्या बरोबरीची असते.

गोळी कापायला मेडिकलमध्ये मिळणारा गोळी-कटर वापरा, सुरीने तुकडे उडतात. पूड करू नका. एक तर कडू लागते आणि मांजर त्या अन्नालाच कायमचं नाकारतं. दुसरं, हे औषध पोटातल्या बाळाला अपायकारक आहे. घरात कुणी गरोदर असेल किंवा व्हायची शक्यता असेल तर तिने गोळी आणि मांजराची घाण दोन्ही हाताळू नयेत. अगदीच वेळ आली तर हातमोजे घालावेत. बाकीच्यांनी हात साबणाने धुवावेत.

आता द्यायची कशी ते. आपल्याकडच्या जाड टर्किश टॉवेलइतकं चांगलं साधन नाही. टॉवेल जमिनीवर पसरा, मांजर मधे बसवा, दोन्ही बाजू मानेपर्यंत घट्ट ओढून घ्या, पुढचे पाय आत राहिले पाहिजेत. तुम्ही गुडघ्यांवर बसा आणि मांजर गुडघ्यांच्या मधे, तोंड पुढे करून ठेवा म्हणजे त्याला मागे सरकता येत नाही. डाव्या हाताने डोकं वरून धरा, अंगठा आणि बोट गालफडांच्या हाडांवर. नाक छताकडे वळवलं की खालचा जबडा आपोआप सैल होतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालचे पुढचे दात हलके दाबा आणि गोळी जिभेच्या मधोमध, शक्य तितकी मागे टाका. बाजूला पडली तर थुंकणार. तोंड मिटवून गळ्यावरून हात फिरवा. मांजराने नाक चाटलं म्हणजे बहुधा गिळलं.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने, हळूहळू, 3 ते 5 मिलि पाणी पाजा. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहू शकते आणि तिथे जखम करू शकते. मग ते खाणं सोडतं आणि दोष औषधाला जातो.

पकडापकडी नकोच असेल तर उकडलेल्या चिकनचा मऊ गोळा करा. आधी एक रिकामा, मग गोळी घातलेला, लगेच तिसरा रिकामा. तिसरा समोर दिसला की मांजर दुसरा चावत बसत नाही. लसूण-कांदा लागलेलं काहीही यासाठी घेऊ नका, दोन्ही मांजराच्या रक्ताला घातक आहेत. शेंगाचटणीचा हात लागलेला तुकडासुद्धा नको.

प्रश्न : गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले. बोका तोंड खाजवून रक्त काढतोय. चालू ठेवू की बंद करू? शिवाय आता क्रिएटिनिन वाढलंय, गोळीने किडनी गेली का? (होटगी रोड)

बंद करा आणि आजच डॉक्टरांना कळवा. चेहरा आणि मान खाजवून सोलणं हा या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, थोड्या मांजरांत होतो, आणि मात्रा कमी करून बहुधा भागत नाही. उलट्या आणि भूक मंदावणं मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत बरंच दिसतं, ते मात्रा उतरवून सांभाळता येतं. हिरड्या फिकट किंवा पिवळ्या पडणं, नाकातून रक्त, ताप, सुन्न पडून राहणं, यांत वाट बघायची नाही. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट किंवा यकृत यांवर परिणाम झालेला असू शकतो. असे प्रकार मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत होतात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत दर दोन-तीन आठवड्यांनी टी-फोर, रक्तपेशी, क्रिएटिनिन बघायचं, पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी.

किडनीचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण याच टप्प्यावर पुष्कळ घरांत गोळी सोडून दिली जाते. थायरॉईड वाढलेलं असताना हृदय जोरात चालतं आणि किडनीतून रक्त जास्त फिरतं. त्यात स्नायू झडलेले, आणि क्रिएटिनिन तर स्नायूंपासूनच येतं. म्हणजे थकलेली किडनीसुद्धा रिपोर्टमध्ये चांगली दिसते. गोळीने हार्मोन उतरलं की तो पडदा सरतो. आजार आधीपासून होता, आता दिसला. थायरॉईड वाढलेलं ठेवून किडनी वाचत नाही, उलट त्या दाबाने ती आणखी झिजते. पण टी-फोर गरजेपेक्षा खाली नेणंही किडनीला वाईट. साधारण 1 ते 2.5 च्या दरम्यान ठेवायचं. 0.5 आलं तर 'छान उतरलं' म्हणू नका, मात्रा कमी करून घ्या.

प्रश्न : कायमचा इलाज नाही का? (अशोक चौक)

आहे. किरणोत्सारी आयोडीनच्या एका इंजेक्शनने सुमारे 95 टक्के मांजरं बरी होतात, पण त्याला परवाना असलेलं केंद्र आणि मांजराला काही दिवस वेगळं ठेवायची सोय लागते. शस्त्रक्रियेत ग्रंथीला चिकटलेल्या चिमुकल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉईड ग्रंथी दुखावल्या तर कॅल्शियम घसरून झटके येतात, म्हणून अनुभवी हात हवा. गोळी गाठ घालवत नाही, फक्त हार्मोन रोखते. गाठ वाढत राहते, त्यामुळे काही वर्षांनी मात्रा वाढवावी लागली तर औषध 'सवयीचं झालं' असं समजू नका.

प्रश्न : सुकट, उजनीची मासळी, दूध-भाकरी, यातलं काय बंद करू? आयोडीन कमी करायचं म्हणतात. (बाळे)

गोळी चालू असेल तर आयोडीन मोजत बसायची गरज नाही. कमी आयोडीनचं खास खाद्य हा वेगळा उपचार आहे आणि ते एकटंच द्यावं लागतं. वर घोटभर दूध किंवा चिमूटभर सुकट दिली की त्याचा उपयोग संपला. दोन्ही अर्धंअर्धं करू नका.

खारवलेली सुकट आणि बोंबील मात्र बंदच करा, त्यातलं मीठ वाढलेल्या रक्तदाबाला आणि किडनीला नको. उजनीची गोड्या पाण्यातली मासळी मीठ-मसाल्याशिवाय उकडून, काटे काढून चालेल. भाकरीने पोट भरतं, झडलेला स्नायू परत येत नाही. त्याला मांस, अंडं किंवा मांजराचं तयार खाद्य हवं, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं.

वजन दर रविवारी त्याच वेळी करा. बाथरूमच्या काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक कळत नाही. प्रवासाच्या बॅगा मोजायचा डिजिटल हूक-काटा घ्या, मांजर कापडी पिशवीत ठेवून मोजा आणि पिशवीचं वजन वजा करा.

प्रश्न : मे महिन्यात काय काळजी घ्यावी? शिवाय लग्नासाठी चार दिवस गावाला जायचंय, तेवढे दिवस गोळी नाही दिली तर? (जुळे सोलापूर)

गोळी थांबली की दोन-तीन दिवसांत टी-फोर पुन्हा चढतं. शेजाऱ्यांना आधी आठवडाभर समोर बसवून गोळी द्यायला शिकवा. एखादी वेळ चुकली तर पुढची नेहमीच्याच वेळेला द्या, दोन एकदम नकोत.

या मांजराचं अंग आधीच तापलेलं असतं, त्यात आपला बेचाळीस अंशांचा उन्हाळा. पत्र्याची खोली आणि स्लॅबखालचा वरचा मजला दुपारी बंद करा, तळमजल्याच्या फरशीवर जागा द्या. माळवदाचं, म्हणजे जाड मातीच्या छताचं घर असेल तर काळजी बरीच कमी. कूलर चालेल, थेट झोतात नको. नळाला पाणी काही दिवसांआड येत असलं तरी मांजराचं भांडं रोज धुऊन भरा, आणि किती मिलि संपलं ते लिहा. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 100 मिलिपेक्षा जास्त पीत असेल तर उन्हाळ्यावर ढकलू नका, साखर आणि किडनी तपासा. दवाखान्यात सकाळी लवकर न्या, टोपली ओल्या पातळ कापडाने झाकून. घाबरलेलं, तापलेलं हृदय रिक्षातच दगा देऊ शकतं.

मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ती तातडीची वेळ समजा. गाढ झोपेत असताना श्वास मोजायची सवय ठेवा : मिनिटाला तीसच्या आत ठीक, चाळीसच्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि अचानक भिंतीला धडकू लागलं, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडातही मोठ्याच राहिल्या, तर रक्तदाबाने डोळ्यातला पडदा सुटलेला असण्याची शक्यता असते. त्यावर डॉक्टर रक्तदाब उतरवणारी अम्लोडिपिन देतात, बहुधा 2.5 मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग. तासांत गाठलं तर काही मांजरांची नजर परत येते, म्हणून सकाळची वाट न बघता त्याच रात्री फोन करा.