येशूला सगळं आधीच माहीत होतं, तर त्याने यहूदाला जवळ का ठेवलं? आणि मित्राने दगा दिला तर ख्रिस्ती माणसाने गप्प बसायचं का?

पाळक वगैरे नाहीये मी, पण शुभवर्तमानं (बायबलमधली येशूच्या आयुष्यावरची मत्तय, मार्क, लूक, योहान ही पुस्तकं) बऱ्याचदा वाचलीयत आणि तुमचा हा दुसरा प्रश्न मलाही एका मित्रामुळे पडला होता, म्हणून लिहितोय.

येशूला धरून देणारा यहूदा कुणी लांबचा नव्हता, त्याच्या बारा शिष्यांतला एक, वर पैशांची थैली त्याच्याचकडे असायची. शेवटच्या जेवणाच्या वेळी येशू उठतो, बाहेरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि एकेकाचे पाय धुवून त्याच रुमालाने पुसतो, नोकराचं काम हे. योहानाचा १३वा अध्याय नीट वाचलात तर यहूदा उठून बाहेर जातो तो यानंतर, म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. मी इथे दरवेळी अडखळतो, कारण माझ्याच्याने हे झालं नसतं. पण त्याच जेवणात येशू सगळ्यांदेखत हेही सांगतो की तुमच्यातलाच एक जण मला धरून देणार आहे, आणि हे बोलताना तो आतून व्याकूळ झाला होता असं योहान लिहितो. म्हणजे त्याला लागलं होतं. प्रेम करणाऱ्याला काही लागू नये ही अपेक्षा आपणच काढलीय कुठून तरी.

मग त्याला आधीच हाकललं का नाही, तर माझ्या मते शेवटपर्यंत परत फिरायची वाट उघडी ठेवली होती. यहूदाने पैसे घेऊन येशूला मुख्य याजकांच्या हाती का दिलं यावर अजून वाद चालतात, मत्तय पैशाचं सांगतो, लूक आणि योहान म्हणतात सैतान त्याच्यात शिरला. पैसे तरी किती, चांदीची ३० नाणी, बायबलच्या जुन्या करारातल्या निर्गम पुस्तकाच्या २१व्या अध्यायात बैलाने कुणाचा दास मारला तर मालकाला द्यायची भरपाई तेवढीच आहे.

आता पेत्राकडे बघा, तोही त्या बारा शिष्यांतलाच. त्याच रात्री विस्तवाशी शेकत उभा राहून त्याने 'मी त्या माणसाला ओळखत नाही' असं तीनदा सांगितलं, हाही दगाच की. पस्तावले दोघंही. पण यहूदा नाणी घेऊन गेला मुख्य याजकांकडे, ज्यांनी त्याला वापरून घेतलं होतं त्यांच्याकडे, आणि ते म्हणाले आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. नाणी मंदिरात फेकून त्याने जाऊन गळफास घेतला. पेत्र रडला, पण बाकीच्यांबरोबर राहिला, म्हणून पुढे गालील समुद्राच्या काठावर येशू त्याला भेटला. तिथेही कोळशाचा विस्तव, त्यावर मासे, भाकर. येशूने आधी सगळ्यांना जेवू घातलं, मग तीनदा विचारलं, तू माझ्यावर प्रेम करतोस का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं, तरी विचारलंच. आणि मग मेंढरं सांभाळायचं काम त्याच्याच हाती दिलं.

झालं गेलं विसरून जा, असं येशू त्याला एकदाही म्हणत नाही, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथेच दिसतं. क्षमा करायची, सात वेळा नाही तर साताच्या सत्तर पट, ते आहेच, त्यातून सुटका नाही. पण त्याच अध्यायात, मत्तय १८ मध्ये, पेत्राने तो प्रश्न विचारायच्या आधी येशू सांगतो की भावाने अपराध केला तर जा, तो आणि तू एकटे असताना त्याची चूक त्याला दाखव, ऐकलं तर भाऊ मिळवलास, नाही ऐकलं तर आणखी एकदोघांना घेऊन जा. आपण नेमकं उलटं करतो, आधी ग्रुपवर टाकतो, चर्चमध्ये चार जणांना सांगतो आणि ज्याने केलं त्याच्याशी तेवढं बोलत नाही. तुमचा मित्र अजून त्याच शहरात असेल, फोन उचलत असेल, तर एकट्याला भेटा आणि काय लागलं ते तोंडावर सांगा. त्याने मान्य केलं तर पुढचं बघता येईल, नाही केलं तर मनातून क्षमा करा, पण थैली पुन्हा त्याच्याकडे दिलीच पाहिजे असं मला तरी कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही.