नळी कोणाच्या हातात? पेट्रोल पंपांच्या इमारतींविषयी वाचकांचे प्रश्न

पेट्रोल पंपांच्या रचनेविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. ते वेगवेगळ्या वाचकांनी विचारलेले असले, तरी त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती सलग वाचावीत अशी विनंती आहे.

प्रश्न: चहाच्या किटलीच्या आकाराच्या एका पेट्रोल पंपाचे छायाचित्र पाहण्यात आले. असा पंप खरोखर होता का? पेट्रोल विकण्यासाठी किटली बांधण्याचे कारण काय असावे?

उत्तर: असा पंप होता आणि त्याची इमारत आजही उभी आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील झिल्ला या लहान गावाजवळ १९२२ मध्ये ती बांधली गेली. गोल खोली, वर घुमटाकार झाकण, एका बाजूला पत्र्याचा कान आणि दुसऱ्या बाजूला तोटी असे तिचे रूप आहे. किटलीच का, याचे उत्तर त्या काळच्या राजकारणात सापडते. वायोमिंग राज्यातील ‘टीपॉट डोम’ नावाच्या खडकाजवळ नौदलासाठी राखून ठेवलेला तेलसाठा होता. अमेरिकेचे तेव्हाचे अंतर्गत खात्याचे (म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचे) मंत्री आल्बर्ट फॉल यांनी तो लाच घेऊन खासगी कंपनीला गुपचूप भाडेपट्ट्याने दिला. हे प्रकरण देशभर गाजले आणि फॉल यांना पुढे तुरुंगात जावे लागले. ज्या तेलावरून एवढे वादळ उठले, ते किटलीतून विकण्याची कल्पना त्या पंपाच्या मालकाला सुचली. महामार्गाच्या कामामुळे इमारतीला आपली मूळ जागा सोडावी लागली, तरी लोकांनी ती मोडू दिली नाही. आज ती गावाच्या मध्यभागी आहे आणि तेथे पर्यटकांना माहिती दिली जाते.

राजकीय टोमणा हे झिल्लापुरते कारण झाले. अशा आकारांचे सर्वसाधारण कारण व्यापारी होते. मोटारींच्या पहिल्या काळात पेट्रोल औषधांच्या किंवा लोखंडी सामानाच्या दुकानांत डब्यांतून मिळत असे. १८८८ मध्ये बेर्टा बेंझ यांनी आपल्या पतीने बनवलेली मोटार घेऊन पहिला लांबचा प्रवास केला, तेव्हा त्यांनी जर्मनीतील वीसलोख गावच्या औषधालयातून इंधन घेतले होते. पुढे रस्त्याच्या कडेला पंप आले. गाडी थेट आवारात आणून इंधन घेता यावे म्हणून वास्तुविशारदाकडून आखून घेतलेला गल्फ कंपनीचा पंप १ डिसेंबर १९१३ रोजी पिट्सबर्ग शहरात सुरू झाला. त्यानंतर काही वर्षांतच एकेका रस्त्यावर चार-चार कंपन्यांचे पंप उभे राहिले आणि विक्रेत्यांपुढे एक मोठी अडचण आली. एका कंपनीचे पेट्रोल दुसरीच्या पेट्रोलपेक्षा वेगळे दिसत नाही, त्याला वेगळी चवही नाही आणि ग्राहक तर वेगाने गाडी हाकत चाललेला आहे. त्याने ब्रेकवर पाय ठेवावा असे वाटत असेल, तर दुरून नजरेत भरेल असे काहीतरी हवे होते, आणि म्हणून इमारतीलाच पाटी करण्यात आले.

नॉर्थ कॅरोलिना राज्यातील विन्स्टन-सेलम शहरात शेल कंपनीच्या स्थानिक वितरकाने १९३० च्या सुमारास शिंपल्याच्या आकाराचे आठ पंप बांधले. वाकवलेल्या ओल्या लाकडाचा आणि तारेचा सांगाडा करून त्यावर काँक्रीटचा थर चढवला होता. त्यांपैकी एकच शिल्लक आहे आणि १९७६ मध्ये त्याची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक यादीत झाली. मिलवॉकी परिसरात वॉडम्स कंपनीने लाल छपरांचे, पूर्वेकडील पॅगोड्यासारखे पंप उभारले. प्युअर ऑइल कंपनीने याच्या नेमके उलट केले. लोकवस्तीजवळ पंप नको, असा रहिवाशांचा विरोध ठिकठिकाणी होत होता. म्हणून या कंपनीने १९२७ पासून उतरत्या निळ्या छपराची आणि धुराड्याची घरगुती बंगली बांधायला सुरुवात केली, म्हणजे शेजाऱ्यांना ते आपल्यापैकीच एक घर वाटावे. माझ्या मते या सगळ्या आकारांमध्ये ही बंगली सर्वांत समंजस होती, कारण तिने ग्राहकाइतकाच शेजाऱ्याचाही विचार केला होता.

प्रश्न: नामवंत वास्तुविशारदांनी पेट्रोल पंपासारख्या साध्या इमारतीत कधी लक्ष घातले आहे का?

उत्तर: घातले आहे आणि मनापासून घातले आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या उत्तरेला स्कोव्हस्होवेड येथे आर्ने याकोबसेन यांनी १९३० च्या दशकात टेक्साको कंपनीसाठी एक पंप रचला. पांढऱ्या टाइलांची छोटी इमारत आणि तिच्यापुढे एकाच खांबावर पेललेले लंबगोल पातळ छत एवढीच ही रचना आहे. लोक तिला अळंबी म्हणतात. रात्री खालून टाकलेला प्रकाश छतावर आपटून अंगणात पसरतो, त्यामुळे ग्राहकाच्या डोळ्यांवर दिवा येत नाही.

इरिट्रियाच्या राजधानीत, अस्मारामध्ये, इटालियन अभियंता जुझेप्पे पेताझ्झी यांनी १९३८ मध्ये ‘फियाट तालिएरो’ नावाचा पंप विमानाच्या आकारात बांधला. त्याचे काँक्रीटचे दोन पंख दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे १५ मीटर पसरलेले आहेत आणि त्यांच्याखाली एकही खांब नाही. पंख पडतील या भीतीने अधिकाऱ्यांनी आधाराचे खांब ठेवायला लावले होते. ते काढण्याच्या वेळी पेताझ्झींनी पिस्तूल रोखून कंत्राटदाराला टेकू काढायला लावले, अशी आख्यायिका तेथे सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी पंख आजही जागच्या जागी आहेत आणि २०१७ मध्ये अस्मारा शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

फ्रँक लॉइड राइट यांचा पंप मिनेसोटा राज्यातील क्लोके गावात १९५८ मध्ये पूर्ण झाला. त्याच्यावर तांब्याचे छप्पर आहे, वरच्या मजल्यावर काचेची बसायची खोली आहे, आणि छपराचा एक भाग खांबाविना अंगणावर झेपावला आहे. राइट यांना जमिनीवर पंपाची यंत्रे नकोच होती. नळ्या छतातून खाली लोंबाव्यात, म्हणजे अंगण मोकळे राहील आणि गाडी कशीही उभी करता येईल, असा त्यांचा विचार होता. अग्निसुरक्षेच्या नियमांनी त्याला परवानगी दिली नाही, आणि यंत्रे नेहमीप्रमाणे जमिनीवरच बसवावी लागली. पुढे जपानच्या दाटीवाटीच्या शहरांत छतातून नळ्या सोडलेले पंप मोठ्या संख्येने उभे राहिले, कारण तेथे जागेचीच टंचाई होती. क्लोकेचा मूळ आराखडा हट्टाचा नव्हता, याला यापेक्षा चांगला पुरावा मला हवासा वाटत नाही.

प्रश्न: परदेशात ग्राहक स्वतःच पेट्रोल भरतो. ही सेल्फ सर्व्हिसची पद्धत केव्हा सुरू झाली, आणि तिला विरोध का झाला?

उत्तर: आधी जुनी पद्धत डोळ्यांपुढे आणू. १९२० च्या दशकातील पंपाच्या डोक्यावर काचेची उंच नळकांडी असे आणि तिच्यावर गॅलनच्या खुणा असत. गणवेशातला कर्मचारी हाताने दांडा मागेपुढे ओढून जमिनीखालच्या टाकीतले पेट्रोल त्या काचेत चढवीत असे. पेट्रोलला पुष्कळदा रंग दिलेला असे, त्यामुळे ते चढताना ग्राहकाला गाडीत बसूनही स्पष्ट दिसे. ठरलेल्या खुणेपर्यंत काच भरली की तो नळी सोडी आणि पेट्रोल आपल्याच वजनाने गाडीच्या टाकीत उतरे. तेवढ्या वेळात समोरची काच पुसणे, इंजिनातले तेल आणि रेडिएटरमधले पाणी पाहणे, चाकांतली हवा तपासणे ही कामे होत. पंपावरच्या माणसाला यंत्राची जाण असावी लागे आणि ग्राहक त्याच्या शब्दावर विश्वास ठेवी.

स्वतः भरून घेण्याचे तुरळक प्रयोग पूर्वीही झाले होते. पण आजच्या रूपातील सेल्फ सर्व्हिसची सुरुवात सामान्यतः १९४७ च्या लॉस एंजलिसमधील पंपापासून मानली जाते. तेथे यंत्रांच्या लांबच लांब रांगा होत्या. ग्राहक स्वतः नळी हाताळत आणि चाकांचे बूट घातलेल्या मुली रांगांमधून फिरत पैसे गोळा करीत. मजुरी वाचल्यामुळे पेट्रोल काही सेंटांनी स्वस्त देता येत होते, आणि विरोधाचे मूळही त्यातच आहे. शेजारच्या पंपमालकांना त्या दराशी स्पर्धा करणे जड जाऊ लागले. अप्रशिक्षित माणसाने ज्वलनशील द्रव हाताळू नये, हा अग्निशमन अधिकाऱ्यांचा आक्षेप प्रामाणिक होता. पण त्याच्या आडोशाला धंद्याची काळजीही उभी होती. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९४९ मध्ये आणि ओरेगन राज्याने १९५१ मध्ये सेल्फ सर्व्हिसवर कायद्याने बंदी घातली. ओरेगनच्या कायद्यात बंदीची सतरा कारणे नोंदवलेली होती, आणि पावसाळी हवेत निसरड्या फरशीवर पाय घसरण्याचा धोका त्यांत होता.

खरा बदल एका साध्या सोयीने झाला. प्रत्येक ग्राहकानंतर यंत्रावरचे आकडे पुन्हा शून्यावर आणायला कोणीतरी पंपाजवळ जावेच लागत असे. १९६४ मध्ये कोलोरॅडो राज्यातील वेस्टमिन्स्टर येथे एका किराणा दुकानात बसून दूरनियंत्रणाने पंप चालू करण्याची सोय झाली, आणि दूध-पाव विकणारा गल्ल्यावरचा माणूसच पेट्रोलही विकू लागला. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखल्यावर दर भडकले, ग्राहक एकेका सेंटचा हिशेब करू लागले आणि ठिकठिकाणच्या बंद्या उठत गेल्या. १९८० चे दशक सुरू झाले तेव्हा अमेरिकेतील बहुतांश पेट्रोल ग्राहक स्वतःच भरत होते.

तरीही ही पद्धत सार्वत्रिक झालेली नाही. न्यू जर्सीत बंदी अजून कायम आहे. ओरेगनने ती २०२३ मध्ये उठवली. मात्र राज्याच्या दाट वस्तीच्या भागांत जेथे सेल्फ सर्व्हिस दिली जाते, तेथे किमान निम्म्या यंत्रांवर कर्मचारी ठेवण्याची अट घातली. जपानने १९९८ मध्ये परवानगी दिली; पण तेथे आतल्या खोलीत बसलेला कर्मचारी प्रत्येक ग्राहकाकडे पाहून बटण दाबतो, तेव्हाच पेट्रोल येते. ब्राझीलने २००० मध्ये कायदा करून सेल्फ सर्व्हिसला मनाई केली, कारण लाखो कर्मचाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न होता. मला हे कारण ओरेगनच्या निसरड्या फरशीपेक्षा अधिक सरळ वाटते.

प्रश्न: टाकी भरल्यावर हँडल आपोआप खट्कन बंद होते. त्याला टाकी भरल्याचे कसे कळते?

उत्तर: त्यात विजेचा काहीही भाग नसतो. नळीच्या तोंडाजवळ बारीकसे भोक असते आणि तेथून एक पातळ नळी आतल्या आत हँडलपर्यंत जाते. हँडलमधील अरुंद वाटेतून पेट्रोल वेगाने वाहते, तेव्हा ते त्या भोकातून हवा ओढत राहते. टाकीतील पेट्रोल भोकापर्यंत चढले की हवा येणे थांबते. त्यामुळे आत निर्वात ओढ निर्माण होते, ती एक लवचिक पडदा खेचते, पडद्याला जोडलेली कडी सुटते आणि स्प्रिंगच्या जोराने झडप मिटते. आवाज ऐकू आल्यावर पुन्हा पुन्हा दांडा दाबून आणखी थोडे भरू नये. इंधनाला प्रसरण पावायला टाकीत मोकळी जागा लागते.

याच्या जोडीने एक सावधगिरी सांगतो. भरणे चालू असताना ग्राहक पुन्हा गाडीत जाऊन बसला, तर कपडे आणि आसन यांच्या घर्षणाने अंगावर स्थिर वीज साठते. तसाच परत येऊन त्याने नळीला हात लावला, तर ठिणगी पडू शकते. म्हणून नळीला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. आग लागलीच, तर नळी बाहेर ओढू नये. दूर होऊन गल्ल्यावरच्या माणसाला ताबडतोब सांगावे.

प्रश्न: पूर्वी इतके विविध आकार होते, तर आज सगळीकडे एकसारखे सपाट छतच का दिसते?

उत्तर: हा बदल दुहेरी आहे. मोठ्या कंपन्यांना एकच ओळख सर्वत्र हवी होती, म्हणून १९३० च्या दशकातच वॉल्टर डॉर्विन टीग यांनी टेक्साकोसाठी पांढऱ्या, हिरव्या पट्ट्यांच्या चौकोनी इमारतीचा नमुना तयार केला आणि तो शेकडो ठिकाणी उभा राहिला. पण मला याहून मोठे कारण सेल्फ सर्व्हिस हेच वाटते. कर्मचारी पावसात भिजत होता, तोवर छत नसले तरी मालकाचे काम चालत होते. नळी ग्राहकाच्या हातात आली, आणि त्याच्या डोक्यावर छत देणे अपरिहार्य झाले. गल्ल्यावरून प्रत्येक यंत्र दिसायला हवे, म्हणून यंत्रे सरळ ओळींत आली. गाड्या दुरुस्त करणारे हात गेले, तशी दुरुस्तीची दालनेही गेली आणि त्यांच्या जागी खाऊ-पेयांचे दुकान आले. इमारत मागे सरली आणि कंपनीचा रंग, नाव, दिवे हे सारे छतावर चढले.

छतातही सौंदर्य आणता येते. एलियट नॉइस यांनी १९६० च्या दशकात मोबिल कंपनीसाठी गोल छत्र्यांची रचना केली. इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ बर्स्टल येथील त्या छत्र्यांना २०१२ मध्ये संरक्षण मिळाले. नॉर्मन फॉस्टर यांनी स्पेनमध्ये रेप्सोल कंपनीसाठी लाल, नारिंगी आणि पांढऱ्या रंगांची, एकमेकींवर सरकलेली छत्रे उभारली. पण असे प्रयत्न मोजकेच झाले आहेत, आणि उरलेल्या ठिकाणी पत्र्याचे चौकोन आहेत.

कॅनडातील माँट्रियलजवळच्या नन्स बेटावर मीस व्हान डेर रोहे यांच्या कार्यालयाने आखलेला एसो कंपनीचा पंप १९६९ मध्ये सुरू झाला. एका लांब काळ्या पोलादी छताखाली दोन्ही टोकांना दोन काचेची दालने होती, एक विक्रीचे आणि एक दुरुस्तीचे. मधल्या मोकळ्या जागेत पंपाची यंत्रे आणि कर्मचाऱ्यांसाठी काचेची लहानशी खोली होती. २००८ मध्ये तो बंद पडला, पुढच्या वर्षी त्याला वारसा म्हणून संरक्षण मिळाले आणि २०११ मध्ये त्याचे परिसरातील लोकांसाठी केंद्र झाले. आता एका दालनात तरुण जमतात, दुसऱ्यात ज्येष्ठ. पंपाची यंत्रे होती त्या जागी त्याच बेताचे धातूचे खांब उभे केले आहेत, आणि जमिनीखालून तापून किंवा निवून येणाऱ्या हवेसाठी त्यांतून बाहेरची हवा आत घेतली जाते.